ताजा बर्फ आणि सासूचा हुकूम

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर सात वर्षं सुनेच्या स्की टांगलेल्या होत्या. ब्रिस्बेनजवळ आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला बर्फ फक्त फ्रीजमध्ये असतो. खाली माझी तांदळाची गोणी आणि वर त्या बर्फावर घसरायच्या लांबड्या पट्ट्या. मी दोनदा म्हटलं, विकून टाक, जागा अडते. ती मात्र गॅरेज आवरताना त्या खाली काढायची, पुसायची आणि परत टांगायची.

सून इथं शिकायला आली तेव्हा हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरावर एका हॉटेलात भांडी घासायची. तिथल्या कामगारांना डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्याचा, म्हणजे लिफ्टचा, पास फुकट होता, म्हणून सुट्टीच्या वेळी स्की शिकली. पडत, आपटत, पण चांगली शिकली. मग नोकरी, लग्न, मुलगी. लग्न झाल्यापासून डोंगर बघितला नव्हता. गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा म्हणाला, आता नात सहा वर्षांची झाली, जाऊ या. डार्विनला राहणारा त्याचा मित्र आणि त्याची बायको, ती दोघंही येतो म्हणाली. दोघं इंजिनियर. डार्विनमध्ये वर्षभर घाम येतो, त्यांच्याकडे स्वेटर नव्हता. आमचे जुने आम्ही घेऊन गेलो. लिफ्टपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर घर भाड्याने घेतलं होतं. दोघं दारातच "जयभीम काकू" म्हणाली आणि जाऊन हीटरला चिकटली.

डोंगर चढताना गाडीत मी सुनेला विचारलं होतं, "घसरायचं त्यात एवढं काय आहे?"

"आई, रोजचा बर्फ कडक असतो. ताजा, खोल, कोरडा पडला ना, तर पाय जमिनीला लागतच नाहीत असं वाटतं म्हणतात. इथं तो फार क्वचित पडतो. आणि पडला तरी लिफ्ट सुरू झाली की तासा-दोन तासांत लोक सगळा तुडवून टाकतात."

"म्हणतात म्हणजे? तुला मिळाला नाही कधी?"

"एकदा पडला होता. माझी शिफ्ट होती. सिंकसमोरच्या खिडकीतून बघितला."

एवढंच बोलली आणि पोरीला बिस्किट दिलं.

दुसऱ्या रात्री बर्फ पडला. सकाळी मी उठले तर सून खिडकीशी उभी. बाहेर गाडीचं टप तेवढं दिसत होतं, चाकं गायब. मग तिने पोहे करायला घेतले.

आपल्या लोकांना सगळ्यांनी मिळूनच निघायची सवय. एकाचे मोजे सापडत नाहीत तर बाकीचे उभे. एकाला दुसरा चहा हवा तर सगळ्यांनाच हवा. मी जन्मभर अशीच निघालेय आणि सगळीकडे उशिरा पोचलेय. त्या सकाळीही तेच. मुलगा बर्फाचे फोटो ब्रिस्बेनला पाठवत बसला. डार्विनवाला आंघोळीला गेला तो बाहेर येईना. गरम पाणी सोडवत नसणार. सुनेने नातीला कपड्यांचे चार थर चढवले. चौथा थर चढला आणि नात म्हणाली, "आय नीड टू गो." शू लागली होती. चारही उतरवले.

मग स्कीचे बूट भाड्याने देणाऱ्या दुकानात रांग. मित्राची बायको बाकावर बसलेली आणि सून स्वतःचे बूट घालून तिच्यापुढे गुडघ्यावर, बुटाचे खटके लावत.

"हे घट्ट होतंय गं. आता सैल झालं. आता परत घट्ट."

सून एक खटका लावायची, मान वळवून काचेतून बाहेर बघायची, मग पुढचा खटका. बाहेर लिफ्ट सुरू झाली होती. माणसं जोडीजोडीने वर निघाली होती.

मी म्हटलं, "तो बूट सोड."

"झालंच आई, हिचं झालं की–"

"सोड. तुझ्या स्की घे आणि वर जा."

"असं बरं दिसतं का? सगळे बरोबर जाऊ. आणि तुमच्याजवळ कोण?"

"माझ्याजवळ बाक आहे."

मुलगा मध्ये पडला. "आई, मिळून आलोय तर मिळून जाऊ ना. अर्ध्या तासाने काय फरक पडतो?"

"मिळून लग्नाला जातात," मी म्हटलं. "तिने हा बर्फ एकदा भांडी घासताना बघितलाय. आज बूट घालताना बघू दे का?"

सून तरी उठेना. परवानगी दिली असती तर तिने नको म्हटलं असतं. तशी ती मला कधी काही विचारत नाही आणि मी सांगत नाही, म्हणून घरात बरं चाललंय. त्या दिवशी मात्र सांगितलं.

"मी विचारत नाहीये. सासू म्हणून सांगतेय. ऊठ."

मित्राची बायको हसायला लागली. "काकू, मला पण अशी सासू हवी होती."

"तू आधी बूट घाल."

"पण यांचे खटके?" सून म्हणाली.

"दोघं इंजिनियर आहेत. घालतील."

नात म्हणाली, "आजी, व्हाय आर यू अँग्री?"

"रागावले नाही. माझं तोंडच असं आहे."

सून गेली. दारापर्यंत चालत, पुढे धावत. त्या कडक बुटांत धावता येत नाही, पण ती धावली.

त्या दोघांना दुकानात सोडून आम्ही तिघं बाहेर उताराच्या पायथ्याशी जाऊन बसलो. मुलाने मला चहा आणून दिला, तोंड पाडूनच. थोड्या वेळाने वर झाडांच्या कडेला तिचं पिवळं जाकीट दिसलं. बाकीचे लोक मधल्या तुडवलेल्या वाटेवरून खरवडल्यासारखा आवाज करत येत होते. ती जिथून येत होती तिथं कुणी गेलं नव्हतं आणि आवाजही नव्हता. पीठ चाळताना उडतं तसा बर्फ तिच्या कमरेपर्यंत उडत होता. गुडघे वर-खाली, वर-खाली, एका लयीत. मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता. त्याने बायकोला स्की करताना कधी पाहिलंच नव्हतं.

मग ती पडली. एकदम दिसेनाशी झाली. मुलगा उठून उभा राहिला. पांढऱ्यातून आधी एक हात आला, मग डोकं. एक स्की पायातून सुटून बर्फाखाली गेली होती. ती काठीने इकडे टोचतेय, तिकडे टोचतेय. दोन अनोळखी पोरं थांबली आणि तीही टोचायला लागली. तिच्या बाजूने माणसं खाली येत होती आणि बर्फावर रेघोट्या वाढत होत्या. मला चहा गोड लागेना. शेवटी स्की सापडली.

खाली आली तेव्हा भुवयांवर बर्फ, नाक लाल.

"लागलं का?" मुलाने विचारलं.

"नाही." श्वास घेत माझ्याकडे बघून हसली. "आई, खरंच लागत नाहीत पाय."

एवढ्यात डार्विनची जोडी लंगडत आली. दोघांनीही बूट उलट्या पायांत घातले होते. सून लगेच खाली वाकायला लागली.

"वर अजून तसा बर्फ आहे का?" मी विचारलं.

"झाडांच्या पलीकडे आहे थोडा."

"मग इथं काय करतेस?"

मी आणखी काही बोलायच्या आत या वेळी मुलगाच गुडघ्यावर बसला आणि मित्राच्या बुटाचे खटके उघडायला लागला. सुनेने डब्यातले गार पोहे मूठभर तोंडात कोंबले आणि लिफ्टकडे गेली.