नवव्या ग्रीनवरचं मीठ

"सात झाले तुमचे," मॅनेजर म्हणाले.

"नऊ," मी म्हणालो. दोन फटके चेंडूला लागलेच नव्हते. पण हुकलेलेही मोजतात, हे त्यांनीच सकाळी सांगितलं होतं.

मी मलकापूरचा, स्प्रिंकलर कंपनीत इंजिनिअर. कोकणातल्या या समुद्रकाठच्या गोल्फ कोर्सवर आमचेच स्प्रिंकलर आहेत. नववं ग्रीन पिवळं पडत होतं. ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कातरलेलं गवत. तीन आठवड्यांवर स्पर्धा होती. मॅनेजरांच्या मते हेडमाळी पाणी द्यायला आळस करत होता. त्याच्या जागी सोमवारी नवा माळी येणार होता. "आधी खेळून बघा, मग कोर्स कळेल," असा त्यांचा आग्रह.

नवव्या ग्रीनवर भेटलेले हेडमाळी विठ्ठलराव निघाले आमच्याच जिल्ह्यातले, उंद्रीचे.

"रोज दोनदा पाणी देऊन राह्यलो भाऊ. काल तीनदा देलं. तरी मरूनच राह्यलं!"

पुढच्या फटक्यात चेंडू हळू ढकलायचा होता. उतार बघायला मी उकिडवा बसलो, तेव्हा गवताच्या बुडाशी पांढरी साय दिसली. बोट लावून चाखलं. खारट.

"विठ्ठलराव, तुमी पंप हाऊसवर राहता ना, तिथल्या पाण्यात डाळ शिजते का?"

"कायची शिजते! दोन घंटे लागतात. मले वाटलं डाळच जुनी हाय."

"तुमी घाटावरचे. तुमाले गोड्या पाण्याची सवय. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे तुमाले कसं मालूम असणार."

उंद्री घाटावर, आमचं गाव घाटाखाली, खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारट. ही साय मी लहानपणापासून शेतात पाहिलेली.

बाकी ग्रीन तळ्याच्या पाण्यावर होती. नववं एकटं किनाऱ्याजवळच्या बोअरवर; पंप हाऊसचा नळही त्याच्यावरच. उन्हाळ्यात उपसा वाढला आणि बोअरमध्ये समुद्र शिरला. पाण्यातला खारटपणा मोजणारा मीटर लावला. तळं ०.६, बोअर ६.१. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. विठ्ठलराव जितकी काळजी घेत होते, तितकं मीठ वाढत होतं.

"म्हणजे माळ्याची चूक नाही?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाही. पाणी न तपासता बोअर आम्हीच जोडला."

रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. आमच्या साहेबांचा फोन आला. "शेवटचं वाक्य ठेवायलाच हवं का?"

"त्या वाक्यावर एका माणसाची नोकरी आहे, साहेब."

ते म्हणाले, "ठेवा."

चार दिवसांत तळ्याची लाइन नवव्यापर्यंत आणली आणि गोडं पाणी भरपूर सोडून मीठ खाली धुतलं. स्पर्धेपर्यंत ग्रीन पूर्ण हिरवं झालं नाही, पण खेळण्याजोगं झालं. सोमवारचा नवा माळी आलाच नाही. विठ्ठलराव आता डाळही तळ्याच्याच पाण्यात शिजवतात.

आमच्या फॉर्ममध्ये पाण्याच्या रीडिंगचा रकाना आला. गवत सुकलं तर पाणी वाढवण्याआधी ते चाखावं, एवढंच मी शिकलो. गोल्फ नाही. चार फटक्यांच्या त्या होलला मला तेरा लागले.