गोळाभाताचा बेल्ट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकाजींनी क्रमांक न देता सोडलेली एकही गोष्ट प्रताप नगरात शिल्लक नाही. कुणाचा कूलर जास्त गार, कुणाची स्कूटर जास्त बोंबलते, कुणाच्या घरचा पाहुणा सगळ्यात उशिरा उठतो, सगळ्यांची क्रमवारी त्यांना तोंडपाठ. कॉलेजात असताना ते बॉक्सिंगची एकच लढत खेळले आणि वाकडं नाक घेऊन परतले. "हरलो नाही गा मी, पंचाचा निर्णय उलटा गेला," असं ते अजूनही सांगतात. तेव्हापासून ठोसे सुटले, पण नियम अंगात भिनले ते भिनलेच. सकाळी जिन्यात गाठ पडली की नमस्काराऐवजी, "दोन नंबर खाली घसरला तू. काल गाडी आडवी लावली होती," एवढंच ऐकायला मिळतं.

लोणच्यापासून पुरणपोळीपर्यंत प्रत्येक पदार्थाला त्यांनी बॉक्सिंगसारखा चॅम्पियनचा बेल्ट ठेवला होता, पण खरा मान गोळाभाताच्या बेल्टला. भरड वाटलेल्या डाळीत भिवापुरी मिरची घालून केलेले गोळे भातात शिजवायचे आणि वर फोडणीचं गरम तेल ओतायचं, यात आमच्या बिल्डिंगमधली जी सरस, तिचा तो बेल्ट. जुन्या साडीच्या काठावर डब्याचं पितळी झाकण बसवून काकाजींनी तो स्वतः शिवला. लढत गच्चीवर व्हायची. तीन पंच तीन कोपऱ्यांत पाठ करून बसणार, कुणी कुणाचे गुण बघायचे नाहीत. फेरी जिंकणारीला दहा, हरणारीला नऊ, आणि गोळा फुटला तर आठ, कारण "तो नॉकडाऊन झाला". बरोबरी झाली तर बेल्ट जिच्याकडे आहे तिच्याकडेच राहणार. आणि वर्षभर जिने लढत दिली नाही, तिचा बेल्ट काढून घेणार. या शेवटच्या नियमाला दयामाया नव्हती. खालच्या वहिनी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या आणि तिकडेच रमल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी चपला काढायच्या आत काकाजी लोणच्याचा बेल्ट मागायला दारात उभे. "बाळाचं मंग सांगजा," म्हणाले.

गोळाभाताचा बेल्ट कायम काकूंकडे. या सगळ्याचे अध्यक्ष काकाजी त्यांचे नवरे म्हणून नव्हे, त्यांच्या हाताला खरंच तोड नव्हती. गेल्या हिवाळ्यात काकू न्हाणीघरात घसरल्या आणि तोच हात मनगटात मोडला. प्लास्टर निघालं, पण पकड आली नाही. पहिल्यासारखा हात होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर्ष सरत आलं, आणि क्रमवारीत चॅम्पियनच्या खालोखाल पहिली असलेल्या माझ्या बायकोने काकाजींना नियमाची आठवण करून दिली. रोज वर जाऊन काकूंची वेणी घालणारी हीच बाई. मी तिला दटावलं, तर म्हणते, "काहून? नियम त्यांचाच आहे."

काकाजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. मग एका सकाळी ते उजळलेल्या चेहऱ्याने जिन्यात आले. जगात बॉक्सिंगच्या बड्या संस्था चार, म्हणून एकाच वजनगटात चार-चार चॅम्पियन असतात. तेव्हा त्यांनी जिन्यातच दुसरी संस्था काढली, तिचेही अध्यक्ष झाले आणि काकूंना तिथली चॅम्पियन करून टाकलं. "दोघीही चॅम्पियन. साऱ्या दुनियेत असंच चालून राहिलं." वरून काकूंचा आवाज आला, "मले फुकटचा बेल्ट नाही पायजे. लढत ठेवा. हात गेला माझा, जीभ नाही गेली."

लढतीच्या दिवशी एका चुलीवर माझी बायको, दुसरीजवळ काकू खुर्चीवर बसल्या आणि काकाजी अध्यक्षपद बाजूला ठेवून त्यांचे हात झाले. डाळ त्यांनी वाटली, गोळे त्यांनी वळले, सांगितलं तेव्हा मीठ घातलं. एकही गोळा फुटला नाही. पण पंचांनी काकूंच्या भाताचा पहिला घास घेतला आणि तिघेही पाण्याकडे वळले. काकाजींनी चाखून बघितलं, मग काकूंकडे बघितलं. ते कढी ढवळायला वळले होते तेव्हा जन्माच्या सवयीने काकूंच्या डाव्या हातानेही मीठ घातलं होतं. नियमात याला वाट आहे. बॉक्सिंगमध्ये चुकून डोक्याला डोकं लागून जखम झाली तर लढत रद्द करता येते. काकाजी उठले, "नियमानं पाहिलं तर हा अपघात..."

"बसा खाली," काकू म्हणाल्या. "खारट झालं. हरली मी."

मग काकाजींनी घसा खाकरून नव्या चॅम्पियनचं नाव पुकारलं आणि काकूंच्या मांडीवरचा बेल्ट आणून माझ्या बायकोला बांधला. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला.

हरलेल्या चॅम्पियनला परतीच्या लढतीचा हक्क असतो. तेव्हापासून दर रविवारी वरून पाटा-वरवंट्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ काकूंचा, "भरड राहू द्या. आन् मिठाले हात लावू नका." हात सुधारणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. तो आवाज कधी थांबू नये, असं मला फार वाटतं. बायकोने बेल्ट कपाटात ठेवलेला नाही. दाराजवळच खिळ्याला टांगलाय, आणि झाकण चिंचेने घासून लख्ख ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांचाच आहे तो. मी नुसती सांभाळून राहिली."