शेवाळाचा दगड

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळाने सत्कार केला तेव्हा शैलजाबाईंच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. बाई जन्मभर औषधकंपनीत केमिस्ट. माणसाचं भान हरपवणारं एक रसायन त्यांनी तीस वर्षांपूर्वी बनवलं, कंपनीने ते कपाटात टाकलं. आता मरणाच्या भीतीवरचं औषध म्हणून हॉस्पिटलात त्याची ट्रायल सुरू झाली म्हटल्यावर मंडळाला अचानक बाई दिसू लागल्या.

"काकू, आपल्या ऋषींना हे ऑलरेडी माहीत होतं ना? सोमरस! टोटली सेम!" खांद्यावर शाल घालताना रुचा म्हणाली.

"ऋषींचा हातमोजा फाटला होता का गं? माझा फाटला, म्हणून कळलं."

मोजा फाटून ती पावडर बोटाला लागली, त्या दुपारी बाई लॅबच्या फाटकाशी शेवाळलेल्या एका दगडासमोर बसून राहिल्या होत्या. पुढे तो दगड त्यांनी घरी आणून मागच्या अंगणात मेपलखाली ठेवला. त्या दुपारी काय दिसलं, असं कुणी विचारलं की "केमिस्ट्री" एवढंच सांगायच्या. 'चैतन्य' म्हणून डोळे मिटणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

मग बाईंच्या नवऱ्याला, अरुणरावांना, कॅन्सर निघाला. मरणाच्या भीतीने ते खोलीतला दिवा मालवू देईनात. डॉक्टरांनी त्यांना त्याच ट्रायलमध्ये घेतलं. औषध दिलं त्या संध्याकाळी बाई न्यायला गेल्या, तर नवऱ्याच्या मांडीवर तो दगड!

"अहो, हा इथे कसा?"

"जवळची वस्तू आणा म्हणाले. तू याला रोज पाणी घालतेस. म्हटलं, तुझ्या जवळचं ते मला चालेल." ते दगडावरून हात फिरवत राहिले. "शैलजा, या शेवाळाचं माझ्यावाचून काही अडत नाही गं. मी नसलो तरी हे असंच हिरवं. ते पाहिलं आणि भीतीच गेली. ही नुसती केमिस्ट्री, ना?"

मेंदूवरचं अख्खं लेक्चर बाईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"केमिस्ट्रीच. पण मलाही हेच दिसलं होतं."

"आणि तीस वर्षं बोलली नाहीस?"

"कुणाला सांगणार? लगेच शाल घेऊन आले असते."

अरुणराव पोट धरून हसले. घरी आल्यावर रात्री दिवा त्यांनी स्वतः मालवला.

ऑक्टोबरात ते गेले. मंडळाची माणसं भेटायला आली आणि कुणीतरी आत्म्याच्या प्रवासावर सुरू झालं. बाई उठल्या, तांब्या भरून घेतला आणि मागच्या अंगणात गेल्या.