बाईंची फळी

आमच्या खाडीच्या तरीवर, होडी काठाला लागायची त्या जागी, चढाय-उतरायला एक फळी होती. सगळे तिला ‘बाईंची फळी’ म्हणत. ती बाई मी, आणि हे सांगताना मला आजही मान ताठ करावीशी वाटते. करतेच.

माझा डावा पाय लहानपणी तापात वाळला. आईने देवळात किती गाऱ्हाणी घातली, पण पायाने काही ऐकलं नाही. डोकं मात्र शाबूत होतं. मी सातवीची फायनल पास झाले आणि स्वातंत्र्यानंतर आठ-दहा वर्षांनी खाडीपलीकडच्या गावात मला मास्तरकी मिळाली. काठी टेकत मी हवी तेवढी वाट चालत असे. अडायचं ते होडीपाशी. सुकती लागली, पाणी ओसरलं, की काठ आणि होडी यांच्यामध्ये गुडघाभर चिखल उघडा पडे. बाकीचे कपडे वर खोचून तो तुडवत जात. माझा पाय एकदा रुतला की निघत नसे. म्हणून होडी चालवणारा तारी मला पाठीवर घेई. आई रोज काठापर्यंत यायची आणि त्याच्यापुढे हात जोडायची, “सांभाळून ने रे बाबा माझ्या चेडवाक.”

तारी भला माणूस होता. नवी नवरी, आजारी माणसं आणि शाळा तपासायला येणारे दिपोटीसाहेब, सगळ्यांनाच तो पाठीवर घेई. पण दिपोटींना उचललं तर तो मान आणि मला उचललं तर ती कीव. होडीतल्या बायका मला बघून चुकचुकत. पलीकडचे एक गृहस्थ तर मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, “जेका उचलून हाडूक लागता, ती पोरांका काय सांभाळतली?” उचलली जीभ लावली टाळ्याला! नोकरी नवी होती, म्हणून मी गिळून घेतलं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत पोरं अंगणात खेळत होती. एक पोर दुसऱ्याच्या पाठीवर, हातात काटकी, आणि बाकीची ओरडत होती, “बाई ईली! बाई ईली! उतरून घेवा!” मला बघताच सगळी पांगली. मला त्यांचा राग आला नाही. रोज दिसायचं तेच ती खेळत होती. पण गाठोड्यासारख्या उतरणाऱ्या बाईचं ही पोरं कधीच ऐकणार नाहीत, हे मला कळून चुकलं. मास्तरकी टिकवायची तर आपल्या पायांनी उतरायला हवं होतं.

मी तारीला सांगितलं, उद्यापासून पाठीवर येणार नाही. त्याला ते लागलं.

“माझी पाठ काय मोडली? पडलंस तर पाप माका लागतला!”

“काका, पाप माझ्या नावार घाला. फळी मी हाडतंय.”

घरामागच्या परड्यातलं फणसाचं झाड वाऱ्यात पडलं होतं. त्याच्या खोडाची लांब, जाड फळी कापून घेतली आणि पाय घसरू नये म्हणून सुताराकडून तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या.

पहिल्या दिवशी काठावर ही गर्दी! जणू दशावतारच होता. फळीचं एक टोक काठावरच्या चिऱ्यावर, दुसरं होडीच्या कडेवर. मी निम्म्यावर पोचले तोच होडी हलली, काठी निसटली आणि मी धपकन चिखलात. “सांगितलेला ना!” कोणीतरी ओरडलं. तारी धावत चिखलात उतरला. मी नको म्हणणार, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

“हात लाव नको तिका! उठतली ती.”

माझ्यासाठी जन्मभर दिसेल त्याच्यापुढे हात जोडणारी माझी आई! तारी जागच्या जागी थांबला. मी पट्ट्या घट्ट धरल्या, रुतलेला पाय हातांनी ओढून काढला, फळीवर बसले, चिखलातली काठी ओढून घेतली, मग उभी राहिले. आणि चालत होडीत गेले. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.

पलीकडच्या काठाला तारीने न सांगता फळी लावली. मी उतरले. घरी परत जावं असं मनातसुद्धा आलं नाही. चिखलाने भरलेल्या पातळातच शाळेत गेले आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. एरवी पोरं बसल्या जागेवरून ‘हजर’ म्हणत. त्या दिवशी मी काही सांगितलं नव्हतं, तरी नाव घेतलं तसं एकेक पोर उठून उभं राहिलं.