अर्धा आटा अजून

मामाजींनी झाकण लावलेली बाटली आमच्या घरात दुसऱ्या कोणालाही उघडता येत नसे. रॉकेलच्या डब्याचं बूच, स्टोव्हची चावी, लोखंडी पलंगाचे नट, सायकलची सीट, जे जे फिरवून बसवता येतं ते ते मामाजी जाता येता आवळून ठेवत. पाना हातात नसला तर चिमटीनं आवळत. आवळताना ओठ मिटलेले आणि शेवटी स्वतःशीच एक वाक्य, "अर्धा आटा अजून." त्या अर्ध्या आट्यापायी मला कितीदा तरी चहाला साखर मागायला शेजारी जावं लागलं, कारण आमची साखर मामाजींच्या झाकणाखाली अडकलेली असे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. रस्त्याच्या खात्यात ड्रायव्हर होते आणि मी लग्न होऊन केनवडला आले तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त झाले हे आपलं कागदावर. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा उभा असे, जणू कोणी हाक मारली तर ताटावरून तसंच उठता यावं. एस.टी.ची वाट पाहत थांब्यावर उभं राहणं त्यांना जमायचंच नाही. "इथं उभं राहून काय करू?" म्हणत ते पुढच्या थांब्याकडे चालू लागत आणि एस.टी. नेमकी दोन थांब्यांच्या मधे त्यांना गाठून, धूळ उडवत निघून जाई. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळावर हात मारत. "काय व माय, ह्या माणसाच्या पायाले चाकं हायेत!" मामाजींचं यावर उत्तर ठरलेलं असे. "बसून राह्यलं तं माणसाले गंज चढते."

अशा माणसाकडे एक जीप असावी हे ओघानं आलंच. खात्यानं मोडीत काढलेली जीप त्यांनी लिलावात घेतली होती आणि दारापुढच्या निंबाखाली ती उभी असे. चालायची कमी, आवळली जायची जास्त. रोज संध्याकाळी मामाजी पाना घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारत. गाडीला काय झालं आहे, हे त्यांना कधीच विचारावं लागत नसे. नट ढिला आहे, एवढं एकच निदान त्यांच्यापाशी होतं. त्यांच्या हातून काही ढिलं राहणं शक्यच नव्हतं, ही गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात येत नसे.

माझं शिक्षिकेचं ट्रेनिंग लग्नाआधीच झालं होतं. नोकरीसाठी अर्ज केला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. माझे यजमान अकोल्याला कापडाच्या मिलमध्ये, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. मी शेण-पाणी, सैपाक, शेतातलं निंदण सगळं करायचे, पण मन लागायचं नाही. आमच्या बुद्धवाड्यात तोवर एकही बाई पगाराच्या नोकरीवर गेली नव्हती. मला जायचं होतं, आणि मामाजींना मला पाठवायची माझ्याहून जास्त घाई होती. पोस्टमन नाल्याच्या पलीकडे दिसला की हे अलीकडून निघत आणि अर्ध्या वाटेत त्याला गाठत.

एका सकाळी ते नाल्याकडून अक्षरशः पळत आले. हातात कार्ड.

"बाई, झालं तुहं काम! सरकारनं कार्ड धाडलं!"

माझे हात पिठात. "मामाजी, मले पाहू द्या ना."

"पाह्यशीन व. कुठं पयून जाते थे? आलोच मी."

कार्ड खिशात, सायकल हाती आणि माणूस गायब. त्या दिवशी ते वाटेवरची गावं करत मालेगावला गेले. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या गावी. तिसऱ्या दिवशी कुठल्या कुठल्या हॉटेलात, जुन्या खात्यातल्या माणसांकडे. संध्याकाळी दमून यायचे, कोण काय म्हणालं ते सांगायचे आणि कार्डाचं नाव काढलं की "आता उद्या" म्हणून खाटेवर आडवे व्हायचे. मामाजींना वाचता येत होतं, पण ड्रायव्हरला मैलाचे दगड वाचता येतात तेवढंच. कार्डावर त्यांनी माझं नाव वाचलं, 'शिक्षिका' वाचलं आणि गाव आलं असं समजून पुढचं वाचायचं सोडून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशातलं कार्ड माझ्या हाती लागलं. चहाचे डाग, तेलाची बोटं, कडा मऊ पडलेल्या. मी वाचलं. ती नेमणूक नव्हती. मुलाखतीचं बोलावणं होतं. वाशीमला, सरकारी कचेरीत, दुपारी एक वाजता. गैरहजर राहिल्यास पुन्हा बोलावणं नाही. आणि तारीख आजचीच.

सासऱ्यापुढे आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. "मामाजी, हे नोकरीचं कार्ड नाई! मुलाखतीले बलावलं हाय, अन् थे आज हाय, आज!"

मामाजींचा चेहरा असा उतरला की विचारू नका. पण ते क्षणभरच. सकाळची एस.टी. गेलेली, पुढची दुपारी. ते तडक जीपकडे धावले. हँडल मारलं. जीप नुसती धाप टाकायची. इंजिनाच्या चार प्लगांपैकी मागचे दोन महिनाभरापासून मेलेले होते आणि दोनांवर इंजिन उठेना. एक जरी बदलला तर तीनांवर रडतखडत गेली असती. पण ते दोन्ही प्लग निघत नव्हते म्हणूनच तर गाडी महिनाभर उभी होती. कोणी आवळले होते हे सांगायला नको.

मामाजींनी प्लगचा पाना लावला, पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि अंगाचा सगळा भार टाकला. टक् असा आवाज झाला. प्लग जागचा हलला नव्हता. त्याची वरची पांढरी चिनीमाती तेवढी तुटून हातात आली. मामाजी त्या तुकड्याकडे बघतच राहिले. खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची दया आली नाही. इतका राग आला होता की रडू फुटत नव्हतं. दोन वर्षं वाट पाहिली ती ह्या माणसाच्या हातानं वाया जाणार, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

त्यांनी लगेच पाना दुसऱ्या प्लगला लावला तेव्हा मात्र मी पुढे होऊन पाइप धरला. माझे वडील पिठाच्या गिरणीवर इंजिन चालवायचे. जाम झालेला नट ते कसा काढायचे ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. "थांबा, मामाजी. ह्याले शेक द्या लागते, रॉकेल पाजा लागते. मंग निंगते."

"थांबून कसं जमन व? टाइम होऊन राह्यला!"

ते तिथं उभे राहिले असते तर दुसराही प्लग तुटला असता. हे मला कळलं तसं आत्याबाईंनाही कळलं. त्यांनी चूल पेटवली आणि नवऱ्याच्या हातात बादली दिली. "विहिरीवरून पानी आना." ते घेऊन आले. "आता चिंध्या आना, गोठ्यात हायेत." त्या आणल्या. "पानी कमी पडते, अजून आना." एरवी बायकोचं एक न ऐकणारा माणूस त्या दिवशी मुकाट्यानं पळत होता. त्यांचे हात गाडीपासून लांब ठेवायचा दुसरा उपायच नव्हता.

मी उकळत्या पाण्यात चिंध्या बुडवून प्लगभोवती इंजिनावर दाबत होते. निवल्या की दुसऱ्या. मग बुडाशी थेंब थेंब रॉकेल. मग थांबायचं. ते थांबणं आठवलं की आजही माझे तळहात खाजतात. निंबाची सावली जीपच्या मडगार्डावरून सरकत होती आणि मला ती सरकताना दिसत होती. बोटं भाजत होती, पान्याकडे हात जात होता आणि मी तो मागे घेत होते. मामाजींची बेचैनी मला त्या तासाभरात आतून कळली.

शेवटी पाना लावला आणि आधी केसभर आवळला. नेमके त्याच वेळी मामाजी बादली घेऊन आले. "अव, आवळून काय राह्यली? खोलाचा हाय थो!"

"आधी जरासा आवळला म्हंजे गंज तुटते. मंग खुलते." मी मान वर न करता म्हणाले. मग उलटा, परत सुलटा, परत उलटा. रॉकेलचा आणखी एक घोट. करकरला. आणि हलला. मी श्वास रोखून एकेक आटा सोडवत गेले आणि काळाकुट्ट प्लग हातात आला तेव्हा आत्याबाईंनी चुलीपासूनच मोठ्यानं विचारलं, "निंगला काय व?"

महिनाभरापूर्वी आणून ठेवलेला, कागदात गुंडाळलेला नवा प्लग मामाजींनी डब्यातून काढला, भोकाशी नेला आणि थांबले. "तू लाव," म्हणाले. मी बोटांनी बसवला, पान्यानं बेतानं आवळला. ते हात मागे बांधून बघत होते.

"झालं?"

"झालं."

त्यांनी पाना न मागता हँडल उचललं. तीन सिलिंडरांवर फटफटत, मालेगावच्या चौकात लोकांना हसवत आम्ही वाशीमला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

यादी संपत आली होती. शिपायानं आत सोडलं. मोठे साहेब आणि आणखी दोघे बसले होते. साहेबांनी विचारलं, उशीर का? मी पटकन बोलून गेले, "कार्डच आज मिळालं, साहेब." साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मुलाखतीचं कार्ड इतक्या उशिरा वाटतो तो पोस्टमन कोण, तक्रार करायला हवी, म्हणत त्यांनी कागद ओढला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"साहेब, पोस्टमनचा काई कसूर नाई. कार्ड टायमावर आलं. मीच खिशात घालून तीन दिवस गावोगाव दाखवत हिंडलो. पोरगी मले वाचवाले खोटं बोलून राह्यली."

संपलं, असं मला वाटलं. उशीर चालला असता, खोटं कसं चालेल? साहेबांनी कागद बाजूला सारला. "कशाला हिंडत होता?"

"कायले म्हंजे? आमच्या घरात बाईच्या नावाचं सरकारी कार्ड आजवर आलं नवतं, साहेब. लोकायले दाखवू नाई तं काय करू?"

बाजूच्या एका साहेबांनी हसू रुमालात दाबलं. मोठे साहेब हसले नाहीत. मामाजींना बाहेर बसायला सांगून त्यांनी माझ्या काजळीनं भरलेल्या, भाजलेल्या हातांकडे बोट केलं. मी आता खरं ते सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "समजा, आम्ही चौथीतली मुलं आहोत. जाम झालेला प्लग कसा निघतो ते शिकवा आम्हाला." मी खडू घेतला, फळ्यावर आटे काढले आणि शिकवलं.

बाहेर आल्यावर मी मामाजींवर तुटून पडले. "कायले बोलले तुमी? आता काई खरं नाई माहं."

मामाजी बाकावर नव्हतेच, व्हरांड्यात येरझारा घालत होते. ते माझ्यापुढे येऊन थांबले. "बाई, पयला आटा वाकडा बसला का पुढचे सारे वाकडे जातेत. मंग कितीबी आवळ." मी तणतणत जाऊन जीपमध्ये मागे बसले.

पुढचे वीसेक दिवस घरात कोणालाच चैन नव्हतं. मामाजींचं तर विचित्रच झालं. पोस्टमन नाल्यापलीकडे दिसला की ते आता उलट्या दिशेनं, रिसोडच्या वाटेनं चालू लागत. एके दिवशी मात्र पोस्टमन सायकल दामटत थेट दारात आला आणि मामाजी अंगणातच सापडले. पोस्टमननं लखोटा पुढे केला. मामाजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तिच्या नावाचा हाय. तिलेच दे."

मी फोडला, वाचला. नेमणूक होती. मी मान हलवली. पण मामाजींचं तेवढ्यानं भागेना. "पुरं वाच. तारीख पाह्य. टाइम पाह्य. खालचं बारीकबी वाच." मी दोनदा मोठ्यानं वाचलं, सहीखालच्या शिक्क्यासकट. मग ते अंगणात गोल गोल फिरू लागले. त्यांना कुठं जायचं होतं ते मला दिसत होतं. माझा राग केव्हाच गेला होता. मी लखोटा त्यांच्यापुढे धरला. "घ्या मामाजी. या दाखवून."

त्यांनी लखोट्याला हात लावला नाही. "कागद कायले दाखवू आता? तूच चाल."

सुनेनं सासऱ्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायचे ते दिवस नव्हते. आत्याबाईच म्हणाल्या, "बस व, बस." मी पदर सावरून बसले. पहिल्याच गावात हॉटेलपुढे त्यांनी जीप उभी केली. इंजिन बंद करायलाही त्यांना सवड नव्हती. फटफटणाऱ्या गाडीवरून ते बाकड्यावरच्या माणसांना ओरडून सांगू लागले, "हे पाहा, हे माही सून! मास्तरीण झाली! अन् ह्या गाडीचा प्लग मले नाई निंगला, तिनं काढला!"

मामाजींना जाऊन आता खूप वर्षं झाली. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, सत्कार झाले, हार मिळाले, पण माझी ओळख तशी परत कोणी करून दिली नाही.