अल्पशा आजाराने नव्हे

माझ्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या घरी जेवायला बसत होतो. "दादा, अमोल उठत नाहीये…" एवढंच ती बोलली. रिक्षाने बदलापूरला, कात्रपला तिच्या घरी पोहोचेपर्यंत मी रडलो नाही. लोकांना काय सांगायचं, ते मी ठरवत होतो. मला ती सवयच आहे. आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी विधी उरकले की चार माणसं माइकवर गेलेल्याविषयी बोलतात. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्या चारांत मी असतोच. कोण कसा गेला, ते चारचौघांत सांगण्याजोगं करून देणं हे माझं काम. 'अल्पशा आजाराने' हे माझे ठरलेले शब्द.

अमोल माझा भाचा, बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. हळदीच्या मांडवात त्याची बोटं सुरू झाली की नवरदेवाची आजीसुद्धा खुर्ची सोडायची. तो बेंजो त्याने उल्हासनगरला इतकी घासाघीस करून घेतला, की सिंधी दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "साईं, दुकान भी ले जा!" ही नक्कल अमोल घरोघरी करून दाखवायचा. माझीही करायचा. खाकरून, चष्मा सावरून, "मनमिळाऊ स्वभावाचे आमचे…" मीच सगळ्यात जास्त हसायचो.

लग्नसराईत एका हळदीवरून दुसऱ्या हळदीला पळताना त्या पोरांनी गोळ्या घ्यायला सुरुवात केली. आधी थकवा जाणवू नये म्हणून, मग मजा म्हणून, मग कार्यक्रम नसला तरी. त्यातच त्यांचा ढोलवाला सागर गेला. त्याच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी अमोल माझ्याकडे आला.

"मामा, उद्या खरं सांगा ना. गोळ्यांनी गेला म्हणून."

"त्याच्या बहिणीचं लग्न ठरतंय. मेलेल्याची अब्रू माइकवर काढू?"

"मेलेल्याचं सोडा हो! सगळी पोरं तिथं असणार. माझं कोण ऐकतंय? मी पण त्यांच्यातलाच. तुमचं ऐकतील."

'मी पण त्यांच्यातलाच' हे मला नीट ऐकू आलं होतं. अर्थ न कळण्याइतका मी भोळा नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी 'हृदयविकाराचा झटका' म्हणालो. पोरं माना खाली घालून उभी होती. अमोल मात्र माझ्याकडे बघत होता… त्यानंतर त्याने माझी नक्कल कधी केली नाही. आणि लग्नसराई संपायच्या आत तोही गेला.

त्याच्या दहाव्याला काय बोलायचं, ते नातेवाइकांनी ठरवूनच टाकलं होतं. "भाऊ, नेहमीसारखंच बोला." मी आधी शोभाला विचारलं, खरं सांगू का? ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"लोक विचारतील, आई असून कळलं नाही का?"

"विचारतील."

"मग सांगेन, कळलं होतं. लाजेने गप्प बसले." तिने ताट बाजूला सारलं. "बोल तू."

सागरच्या वडिलांनाही विचारलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, आणि दहाव्याला आले नाहीत.

माइकवर मी म्हणालो, "अमोल नशेच्या गोळ्यांनी गेला. सागरही त्यानेच गेला. तेव्हा मी इथंच उभा राहून खोटं बोललो. खोटं बोलू नका, असं मला अमोलने आदल्या दिवशीच सांगितलं होतं." कुणीतरी माझी बाही ओढली. मी सगळं बोलूनच खाली बसलो. इथे लिहितोय तेही खरं सगळ्यांना कळावं म्हणूनच. काही घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता दर रविवारी बेंजो पार्टीची पोरं सरावाला अमोलच्या खोलीत जमतात. शोभानेच बोलावलं. दारात उभी राहून ती एकेकाला विचारते, "काय घेतलंयस का?"

"मावशी, फक्त वडापाव."

"डोळे दाखव."

पोरं हसतात, पण डोळे दाखवतात. गेल्या रविवारी विकी उंबऱ्यापाशीच थबकला. आत येईना. "घेतलंय, मावशी," म्हणाला, आणि परत जायला वळला. शोभाने त्याचा दंड धरला, त्याला अमोलच्या पलंगावर नेऊन बसवलं आणि मला म्हणाली, "दादा, रिक्षा बोलव. दवाखान्यात नेऊ. पोरगं खरं बोललंय."