दोऱ्याखालची रेघ

गळ्यातल्या गाठीसाठी आईला, म्हणजे आमच्या अव्वाला, लाईट द्यायची ठरली. किरणोपचाराला दवाखान्यात सगळे लाईटच म्हणत. मी वहीचं पान आखलं. साबण नको, तेल नको, ऊन नको, गळ्यात दागिना नको. रोज लाईट झाली की संध्याकाळी त्या दिवसाच्या रकान्यात खुणा करायच्या.

तिसऱ्या आठवड्यात कातडी तांबूस, मग काळपट झाली, खाज सुटली. हे होणार, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. चौथ्या आठवड्यात मात्र मानेवर एक ओली रेघ दिसली, पापुद्रा निघालेली. हुपरीहून मामा आला होता. पैंजणं घडवण्यात त्याचा जन्म गेलेला.

"असलं रोज भाजतंय आमचं. खोबरेल लाव की."

मी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि अव्वाला दवाखान्यात नेलं.

"इथं काय घासतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. दागिने पहिल्याच दिवशी काढलेत."

त्यांनी पदर सरकवला. दोऱ्यात चांदीची डबी, आम्ही लिंगायत जन्मभर अंगावर बाळगतो त्या लिंगाची.

"मशीनखाली मुठीत धरते की," अव्वा म्हणाली.

"गळ्यातलं काढायला सांगितलं होतं ना?"

"दागिना हाय व्हय हा, डॉक्टर?"

माझ्याही गळ्यात तसाच दोरा होता. रोज तिची मान तपासत होते, पण दोरा मला दिसलाच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हे चुलीच्या भाजण्यासारखं नाही. कातडी आतून दुखावली आहे, तिला सावरायला वेळ लागतो. कोमट पाण्यानं हलकं धुवायचं, टिपायचं, चोळायचं नाही. दिलेलं मलम, वर न चिकटणारी जाळीची पट्टी. आणि आठ दिवस लाईट बंद. मध्ये थांबणं बरं नव्हे, पण इलाज नाही.

घरी आल्यावर म्हटलं, "काढून देव्हाऱ्यात ठेवू."

"मेल्यावर काढ."

लिंग अंगावेगळं करायचं नाही. पण ते गळ्यातच हवं असं कुठंय? जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून मी ते तिच्या डाव्या दंडाला बांधलं. तिनं गाठ ओढून बघितली.

"सैल हाय."

मी पुन्हा बांधलं.

नवी कातडी धरली, लाईट पूर्ण झाली. पानावरचे आठ रकाने कोरे राहिले. अव्वा पुढं दोन वर्षं होती. गाठ परत आली तेव्हा डॉक्टरांनी त्या आठ दिवसांचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही.